ईएमजीचा आलेख घसरलाय: पोरगं थकलंय की इलेक्ट्रोड सरकलाय?

"मॅडम, फ्रिक्वेन्सी पडलीय. ओव्हरट्रेनिंग झालं का?"

हिल मॅरेथॉनचे दिवस आले किंवा पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीची तारीख लागली, की हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी येतो. सोबत लॅपटॉपच्या स्क्रीनचा मोबाईलने काढलेला तिरका फोटो. मी फिजिओथेरपिस्ट आहे, सातारा भागातल्या पळणाऱ्या मुलामुलींचं काम बघते, आणि माझ्याकडे दोन चॅनेलचं बिनतारी सरफेस ईएमजी (इलेक्ट्रोमायोग्राफी) यंत्र आहे. म्हणजे कातडीवर इलेक्ट्रोड चिकटवून स्नायूचा विद्युत सिग्नल टिपणारं. सुई टोचणारं नव्हे. ही एकच तक्रार इतक्यांदा सोडवलीय की तपासण्यांचा क्रम आता ठरून गेलाय. यंत्र त्यात शेवटी येतं, हे आधीच सांगून टाकते. यंत्र विकत घेतलेल्या प्रशिक्षकांना ते आवडत नाही.

लक्षणं

माणसात दिसतात ती ही. नेहमीच्या वेगाला जास्त धाप लागते. १६०० मीटरची वेळ दोन-तीन आठवडे घसरत राहते आणि सुट्टीच्या दुसऱ्या दिवशीही सुधारत नाही. पायात शिसं ओतल्यासारखं वाटतं. अंग थकलेलं असूनही झोप लागत नाही, सर्दी-खोकला पाठ सोडत नाही, घरात चिडचिड होते. आणि जो पोरगा पाचला मैदानावर हजर असायचा, तो आता बुटाची लेस बांधत दहा मिनिटं बसून राहतो. या शेवटच्या लक्षणावर माझा सगळ्यांत जास्त विश्वास आहे.

यंत्रात दिसतात ती वेगळी. ठरलेलं वजन पायाने मिनिटभर धरून ठेवायच्या चाचणीत मिडियन फ्रिक्वेन्सी (सिग्नल सेकंदाला किती वेळा वरखाली होतो त्याचा मधला आकडा) सुरुवातीपासूनच मागच्या वेळेपेक्षा खाली असते, किंवा नेहमीपेक्षा भराभर उतरते. तेवढंच वजन धरायला सिग्नलची उंची जास्त लागते. डावा आणि उजवा पाय एकमेकांशी जुळत नाहीत.

दोन्हीकडची लक्षणं एकाच वेळी असतील तर पुढे वाचा. नुसती यंत्रातली असतील तर थेट सहाव्या तपासणीवर जा. निम्मे लोक तिथेच सुटतात.

आकडा नेमका काय सांगतो

सिग्नलची निम्मी ताकद जिच्या खाली आणि निम्मी जिच्या वर पडते, ती मिडियन फ्रिक्वेन्सी. स्नायूतंतूवरून विद्युत लाट साधारण सेकंदाला चार मीटर वेगाने धावते. स्नायू ताणून धरला की आत आम्लता वाढते, तंतूच्या बाहेर पोटॅशियम साचतं, लाटेचा वेग मंदावतो. लाट पसरट झाली की सिग्नलचा सगळा वर्णपट, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती ताकद तो पसारा, खालच्या फ्रिक्वेन्सीकडे सरकतो. थकणाऱ्या स्नायूचा सिग्नल असा संथ होतो, हे जर्मनीत हान्स पायपर यांनी १९१२ साली नोंदवलं होतं. शोध जुना आहे, यंत्र तेवढं आता स्वस्त झालं.

पण हा थकवा मिनिटांचा आहे. भिंतीला पाठ लावून मिनिटभर खुर्चीच्या आसनात बसा, मांडीची फ्रिक्वेन्सी उतरेल. उठून थोडं चाला, काही मिनिटांत बरीचशी परत वर येईल. ओव्हरट्रेनिंग हा आठवड्यांचा आणि महिन्यांचा मामला. युरोपियन कॉलेज ऑफ स्पोर्ट सायन्स आणि अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन यांनी २०१३ साली एकत्र निवेदन काढून त्याच्या तीन पायऱ्या मांडल्या. पहिलीत मुद्दाम ताण वाढवलेला असतो आणि काही दिवसांच्या विश्रांतीनंतर कामगिरी उलट सुधारते. दुसरीत घसरण भरून यायला आठवडे ते महिने जातात. तिसरी खरी ओव्हरट्रेनिंग, तीही बाकीची सगळी कारणं एकेक करून बाजूला काढल्यावर उरते ती. एका चाचणीत निदान होत नाही. म्हणून आपणही कारणं बाजूला काढत जायची, स्वस्तापासून महागाकडे.

१. वही (खर्च: दहा रुपये)

रोज दोन ओळी. किती मिनिटं सराव केला आणि तो शून्य ते दहात किती जड गेला. दोन्हींचा गुणाकार हा त्या दिवसाचा भार: साठ मिनिटं, जडपणा सात, म्हणजे ४२०. अमेरिकेतले व्यायामशास्त्रज्ञ कार्ल फॉस्टर यांची ही पद्धत जगभर चालते, कारण तिला काहीच लागत नाही. जडपणाचा आकडा पोराने स्वतः द्यायचा, प्रशिक्षकाने नाही, आणि सराव संपल्यावर अर्ध्या तासाने. लगेच विचारलं तर शेवटच्या फेरीचाच राग आकड्यात उतरतो.

आठवड्याची बेरीज अचानक उडालीय का ते बघाच, पण त्याहून जास्त बघा की सगळे दिवस एकसारखे आहेत का. सोमवार ४००, मंगळवार ४१०, बुधवार ४०० असं चाललं असेल तर शरीराला श्वास घ्यायला जागाच नाही. आपल्याकडच्या बहुतेक भरती ॲकॅडम्यांचं वेळापत्रक नेमकं असंच असतं. रोज तेच मैदान, तेवढ्याच फेऱ्या, आणि रविवारी 'टेस्ट'.

तिसऱ्या ओळीत झोप लिहायची. एका भरतीच्या पोराची मांडी मी दोनदा मोजली, डोकं खाजवलं, मग वही मागितली. रात्री एक ते पहाटे पाच, सलग अकरा दिवस. हायवेवरच्या ढाब्यावर रात्रपाळी करत होता आणि घरून मैदानाकडेच येतोय असं सरांना सांगत होता. त्याला ईएमजीची गरजच नव्हती.

२. सकाळची नाडी आणि वजन

अंथरुणातून उठायच्या आधी पूर्ण साठ सेकंद नाडी मोजायची. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, एका ठोक्याची चूक चार ठोक्यांची होते. आधी बऱ्या दिवसांतला एक आठवडा मोजून ठेवलेला हवा, नाहीतर तुलना कशाशी करणार? नाडी नेहमीपेक्षा आठ-दहा ठोक्यांनी वर गेली आणि तीन दिवस तशीच राहिली, तर माझ्या अनुभवात ताप येऊ घातलेला असतो, पाणी कमी पडलेलं असतं किंवा झोप झालेली नसते. नाडी नेहमीसारखी आली म्हणून सुटलो असं मात्र नाही. लांबलेल्या ओव्हरट्रेनिंगमध्ये ती वाढलेली असेलच असा नियम नाही.

वजन दर सोमवारी, त्याच काट्यावर, शौचाला जाऊन आल्यावर. महिन्यात दोन किलो उतरले आणि उतरवायचे नव्हते, तर पुढची तपासणी वगळू नका.

३. ताट

श्रावणातले सोमवार, मग गणपती, मग नवरात्राचे नऊ दिवस. आणि याच काळात लांब पल्ल्याचा सराव. साबुदाणा आणि शेंगदाण्यावर बारा किलोमीटर पळणाऱ्या मुली मी दरवर्षी बघते. उपवास सोडा असं मी म्हणत नाही, त्या आठवड्यात किलोमीटर कमी करा म्हणते. खर्च होते तेवढी ऊर्जा पोटात गेली नाही तर शरीर एकेक खातं बंद करत जातं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली या अवस्थेला स्वतंत्र नाव दिलं, आणि ती मुलांमध्येही होते. मुलींमध्ये पाळी लांबणं किंवा थांबणं ही तिची मोठी खूण आहे. "पळणाऱ्या मुलींचं असंच असतं" हे वाक्य मैदानावर फार ऐकू येतं. ते चूक आहे.

लोहाचंही तसंच. थकवा, धाप, घसरलेली वेळ हे सगळं लोह कमी पडल्यावरही हुबेहूब असंच दिसतं. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन दोन्ही तपासायला सांगा. हिमोग्लोबिन ठीक असून साठा रिकामा असू शकतो, आणि तो फेरिटिनमध्येच कळतो.

४. भिंतीवरची उडी

बोटांना खडू लावा, भिंतीशी बाजूने उभे राहा, हात वर करून एक खूण, उडी मारून दुसरी. तीन उड्या, त्यातली उत्तम धरायची. आठवड्यातून दोनदा, सरावाच्या आधी, तेच बूट घालून.

या फुकटच्या चाचणीला एक गोष्ट कळते जी माझ्या यंत्राला कळत नाही. आमच्या भागात यवतेश्वरचा घाट चढायचा आणि मग उतरायचा, असा सराव असतो. छाती चढावर फुलते, पण मांडी मोडते ती उतारावर. उतरताना स्नायू लांब होत होत ब्रेक लावत असतो. अशा सरावानंतर दोन-तीन दिवस उडी बऱ्यापैकी खाली येते आणि ईएमजीचा आलेख मात्र साळसूद दिसतो. कारण लाट तंतूवरून नीट धावतेय. बिघाड त्याच्या पुढे आहे, लाट आल्यावर आत कॅल्शियम सुटून जोर तयार व्हायचा असतो तिथे. एडवर्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली हा रेंगाळणारा थकवा दाखवून दिला. स्नायूला विजेचे सावकाश ठोके दिले तर जोर कमी भरतो, भराभर दिले तर जवळजवळ पुरेसा भरतो. कातडीवरचा इलेक्ट्रोड दारातली घंटा ऐकतो. आत कुणी उठलं की नाही, ते त्याला कळत नाही.

म्हणून उडी पडलीय आणि आलेख चांगला आहे, तर उडीवर विश्वास ठेवा.

५. तीन-चार दिवस थांबा

पैसे लागत नाहीत, पण सगळ्यांत अवघड तपासणी हीच. पोरगं ऐकत नाही, बाप ऐकत नाही, आणि सर म्हणतात भरती तोंडावर आलीय. तरी करा. तीन-चार दिवस फक्त चालणं, मग तीच उडी, तेच अंतर, तोच वेग. सुधारलं तर ताण जास्त झाला होता, भरून आला; वहीतला भार कमी करून पुढे चला. दोन आठवडे हलकं ठेवूनही काहीच हललं नाही, तर घरी शोधत बसू नका, लेखाच्या शेवटी जा.

६. आता यंत्र

आलेखाची चूक शोधायचाही क्रम आहे.

*तेल.* पहिला प्रश्न: आज मालिश केली का? मोहरीचं किंवा खोबरेल तेल लावलेल्या मांडीवर इलेक्ट्रोड नावापुरता चिकटतो आणि मिनिटभरात कड सुटते. साबणाने धुवा, पुसा, तेवढ्या जागेचे केस काढा, स्पिरिटच्या कापसाने त्वचा किंचित लाल होईपर्यंत घासा, वाळू द्या. मग इलेक्ट्रोड लावून पाच मिनिटं बोलत बसा. पहिल्या मिनिटातलं माप मी कधीच धरत नाही.

*जागा.* सगळ्यांत जास्त खोट्या 'ओव्हरट्रेनिंग' इथून निघतात. मांडीच्या बाहेरच्या स्नायूसाठी, व्हास्टस लॅटरॅलिससाठी, युरोपच्या सेनियम प्रकल्पाने (सरफेस ईएमजीचे इलेक्ट्रोड कुठे-कसे लावायचे हे ठरवणारा) सांगितलेली जागा अशी: कंबरेच्या पुढे हाताला लागणाऱ्या हाडाच्या टोकापासून गुडघ्याच्या वाटीच्या बाहेरच्या कडेपर्यंत रेघ धरा आणि वरून दोन-तृतीयांश अंतरावर थांबा. दोन इलेक्ट्रोडच्या मध्यांमध्ये २० मिलिमीटर, आणि जोडी तंतूंच्या दिशेत. नस स्नायूला मिळते त्या पट्ट्यावर इलेक्ट्रोड पडला तर सिग्नल बुटका होतो आणि फ्रिक्वेन्सी उगाच वर जाते. पहिल्या वेळी त्या पट्ट्यावर आणि दुसऱ्या वेळी बाजूला लावला, की पोरगं थकलेलं 'दिसतं'.

उपाय घरगुती आहे. पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा मांडीवर ठेवून वाटीची कड, एखादा तीळ, जुना व्रण यांच्या खुणा करा आणि इलेक्ट्रोडच्या जागी भोक पाडा. पुढच्या वेळी तीळ तिळावर ठेवला की जागा सापडते. काही मुली त्या भोकातून मेंदीचा ठिपका लावून घेतात, आठवडाभर तरी टिकतो. मुलं मेंदीला लाजतात, त्यांना मार्कर.

*गुणगुण.* आपली वीज ५० हर्ट्झची. ट्यूबलाइट, पंखा आणि विशेषतः लॅपटॉपचा चार्जर यांची गुणगुण सिग्नलमध्ये शिरते. स्नायू सैल सोडून दहा सेकंद नोंद घ्या. रेघ बारीक आणि वेडीवाकडी हवी. कंगव्याच्या दातांसारखी नियमित दिसली, तर वीज शिरलीय. याने फ्रिक्वेन्सी का पडते? मांडी ७५ हर्ट्झच्या आसपास असेल आणि तुम्ही त्यात ५० ची ताकद ओतलीत, तर मधला आकडा ५० कडेच ओढला जाणार. मागच्या पावसाळ्यात एका हॉलमध्ये ओळीने चार पोरं 'थकलेली' निघाली. चार्जरची पिन काढून लॅपटॉप बॅटरीवर घेतला, चौघंही ताजीतवानी झाली. इमारतीला अर्थिंग आहे का, हे विचारल्यावर मालक नुसते हसले.

सॉफ्टवेअरमधला ५० चा फिल्टर लावून मोकळं होऊ नका. स्नायूची बरीच ताकद त्याच भागात असते, फिल्टर तीही खातो. आधी पिन काढा, संदर्भ इलेक्ट्रोड हाडावर लावलाय ना बघा. फिल्टर त्यानंतर.

*थंडी.* गार स्नायूत लाट हळू धावते आणि फ्रिक्वेन्सी खाली येते. डिसेंबरच्या सकाळी सहाला घेतलेलं माप मेच्या दुपारच्या मापाशी ताडायचं नाही. बर्फाच्या टबातून उठून आलेल्याचं तर त्या दिवशी घेऊच नका. दहा मिनिटं हलकं पळवा, मग मोजा, दर वेळी तसंच.

*वजन आणि कोन.* खुर्चीत बसवा, गुडघा ९० अंशात, घोट्याला पट्टा, पट्टा मागे सामान तोलायच्या डिजिटल काट्याला अडकवलेला. तीनदा पूर्ण जोर, मध्ये दोन-दोन मिनिटं विश्रांती, सर्वांत मोठा आकडा लिहा. मग त्याच्या निम्मं वजन मिनिटभर धरून ठेवायचं. इथे एक खाच आहे. निम्मं कशाचं? बऱ्या दिवशीच्या जोराचं. आज पोराचा जोर ४० वरून ३० किलोवर आला असेल आणि तुम्ही आजचं निम्मं म्हणून १५ दिलेत, तर त्याला सोपं जातं, आलेख मागच्यापेक्षा छान येतो आणि खरा थकवा निसटतो. वीस म्हणजे वीसच द्यायचे.

*यंत्राचा प्रकार.* छंदासाठी विकले जाणारे काही स्वस्त बोर्ड कच्चा सिग्नल देतच नाहीत, त्याची गुळगुळीत केलेली वरची रेघ देतात. त्या रेघेतून मिडियन फ्रिक्वेन्सी काढणं म्हणजे भाकरीतून ज्वारीचे दाणे मोजणं. कच्चा सिग्नल आणि सेकंदाला किमान १००० नमुने, एवढं असेल तरच फ्रिक्वेन्सीबद्दल बोला. पळताना घेतलेल्या मापावरूनही बोलू नका. दर पावलाला कातडीखाली स्नायू सरकतो, आकडा नाचत राहतो.

७. मग वाचायचं कसं

बऱ्या, विश्रांती झालेल्या दिवसांत तीन वेगवेगळ्या सकाळी मोजा. त्या तिन्हींतला चढउतार हा त्या पोराचा स्वतःचा पट्टा. एका मुलीचे सुरुवातीचे आकडे ७४, ७९ आणि ७६ होते. त्यांत पाचाचा फरक मुळातच आहे, म्हणून ती ७३ वर आली तरी मी जागची हलणार नाही. दुसऱ्या पोराशी तुलना करायचीच नाही. कातडीखालची चरबी वरच्या फ्रिक्वेन्सी गाळून टाकते, त्यामुळे जाड मांडी आणि बारीक मांडी मुळातच वेगळी बोलतात.

माझी खूण अशी: तेच वीस किलो धरायला सिग्नलची उंची नेहमीच्या पट्ट्याबाहेर गेलीय, पूर्ण जोर कमी भरतोय, उडी पडलीय आणि वहीही तेच सांगतेय, हे सगळं दोन दिवसांच्या अंतराने घेतलेल्या दोन मापांत सारखं दिसलं, तर सराव थांबवते. एकटी फ्रिक्वेन्सी पडलेली असेल तर पुन्हा तेलापासून सुरू करते.

इथे थांबा आणि डॉक्टर गाठा

छातीत दुखणं, पळताना चक्कर येऊन पडणं, धडधड: त्याच दिवशी, हृदयाच्या डॉक्टरांकडे किंवा मोठ्या रुग्णालयात. तोवर एकही फेरी नाही.

जबर सरावानंतर स्नायू सुजून दगड झालेत आणि लघवी कोऱ्या चहासारखी येतेय: तातडीने रुग्णालय. स्नायू फुटून त्यातला माल मूत्रपिंडात जातोय, घरी पाणी पाजत बसायची ही वेळ नाही.

ताप असताना किंवा तापातून उठल्या-उठल्या पळवू नका. डेंग्यू, मलेरिया, कावीळ आणि क्षयसुद्धा सुरुवातीला 'सराव जास्त झाला' असेच दिसू शकतात. वजन उतरतंय आणि खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकलाय, तर थुंकीची तपासणी आधी.

तीन महिने पाळी नाही: स्त्रीरोगतज्ज्ञ.

एकाच पायात जोर नाही, मुंग्या येतात, स्नायू बारीक होतोय किंवा आपोआप फडफडतोय: न्यूरॉलॉजिस्ट. ते सुईचं ईएमजी करतील. माझं कातडीवरचं यंत्र तिथे चालत नाही, आणि चालतं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

पोरगं गप्प गप्प झालंय, खात नाही, जगण्यात अर्थ नाही असं काही बोललं: मानसोपचारतज्ज्ञ, आणि तोवर त्याला एकटं सोडू नका. भरतीत दोनदा राहिलेल्या पोरांच्या बाबतीत हे मी हलक्यात घेत नाही.

यातलं काहीच नाही, पण दोन आठवडे हलका सराव करूनही वेळ जागची हलत नाही: स्पोर्ट्स मेडिसिनचे डॉक्टर, नाहीतर चांगले फिजिशियन. रक्त, लोह, थायरॉइड, ड जीवनसत्त्व काय बघायचं ते तेच ठरवतील. जाताना ईएमजीचा प्रिंट घरी ठेवला तरी चालेल. वही मात्र घेऊन जा.